वाचकांचे प्रश्न : चालक-साहाय्य यंत्रणा आणि कोकणातले रस्ते

पावसाळा तोंडावर आला आणि गणपतीच्या प्रवासाचे बेत सुरू झाले की या सदराकडे रस्त्यांविषयीची पत्रे येऊ लागतात. या वर्षी त्यांत खड्ड्यांइतकीच विचारणा नव्या गाड्यांतल्या चालक-साहाय्य यंत्रणांची, म्हणजे शोरूममध्ये ज्यांना सरसकट ‘ॲडास’ म्हणतात त्यांची आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. विशिष्ट कंपनीची गाडी घ्यावी की न घ्यावी, असे विचारणाऱ्या पत्रांना मात्र हे सदर उत्तर देत नाही.

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त असून खेडला राहतो. जुनी गाडी काढून नवी घ्यायची आहे. शोरूममधल्या मुलाने ‘लेव्हल टू ॲडास’ असलेली आवृत्ती दाखवली. ती साध्या आवृत्तीपेक्षा लाख-दीड लाखाने महाग आहे. ठाण्याला असलेले चिरंजीव म्हणतात, तुमच्या वयाला तीच घ्या. अशा गाडीने खरोखर अपघात कमी होतात का, की पैसे काढण्याचा हा नवा मार्ग आहे?
— एक वाचक, खेड

उत्तर : अपघात कमी होतात, पण यादीतल्या सगळ्याच यंत्रणांनी होत नाहीत. विक्रेता दहा-पंधरा नावे एका दमात म्हणून दाखवतो आणि ऐकणाऱ्याला ती सगळी एकाच तोलाची वाटतात. त्या यादीचे दोन भाग आपण स्वतः पाडावेत. एरवी गप्प बसणाऱ्या आणि प्रसंग आला तरच हात घालणाऱ्या यंत्रणा पहिल्या भागात येतात : जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस, घसरू लागलेल्या गाडीचे एकेक चाक वेगवेगळे आवरून तिला सरळ ठेवणारी ईएससी, समोर धडक होणार असे दिसताच चालकाच्या आधी ब्रेक लावणारी आपत्कालीन ब्रेकिंग यंत्रणा आणि आरशात न दिसणाऱ्या जागेतल्या वाहनाची सूचना देणारी ब्लाइंड स्पॉट यंत्रणा. चालकाचे नेहमीचे काम आपल्या अंगावर घेणाऱ्या यंत्रणा दुसऱ्या भागात येतात : पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग कमी-जास्त करणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ आणि गाडी लेनच्या मधोमध ठेवणारे स्टिअरिंग साहाय्य. ही दोन्ही एकत्र काम करतात तेव्हा त्याला ‘लेव्हल टू’ म्हणतात.

पहिल्या भागातल्या यंत्रणांनी अपघात टळतात याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी ‘आयआयएचएस’ ही संस्था प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढते. तिच्या अभ्यासानुसार आपत्कालीन ब्रेकिंग असलेल्या गाड्यांमध्ये पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी कमी आढळले. नुसता इशारा देणाऱ्या, पण ब्रेक न लावणाऱ्या यंत्रणेने ते सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले. याच संस्थेने २०२४ मध्ये दुसऱ्या भागातल्या, म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळणाऱ्या यंत्रणांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्यामुळे अपघात टळतात असे म्हणण्याजोगे फारसे काही हाती लागले नाही. त्याच वर्षी तिने अशा १४ यंत्रणा तपासल्या. चालकाचे लक्ष रस्त्यावर राहावे म्हणून त्यांत काय तजवीज केली आहे, हे पाहायचे होते. त्यांपैकी ११ यंत्रणांना सर्वांत खालची श्रेणी मिळाली.

तेव्हा लाख-दीड लाख कशासाठी मोजतो आहोत, हे नीट विचारून घ्यावे. ईएससी आणि सहा एअरबॅग साध्या आवृत्तीत मिळत असतील, तर निम्मे काम तिथेच झाले. आपत्कालीन ब्रेकिंग फक्त महागड्या आवृत्तीत असेल आणि पैसे जड जात नसतील, तर त्यासाठी ती जरूर घ्यावी. लेनच्या मधोमध गाडी ठेवणाऱ्या साहाय्यासाठी मात्र घेऊ नये, कारण खेड ते दापोली या रस्त्यावर ते आपल्या फारसे उपयोगी पडणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या सुरक्षितता-चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर गाडीत ईएससी असावीच लागते. त्यामुळे गाडीच्या अंगावरच्या ताऱ्यांकडे पाहणे हीसुद्धा एक सोपी तपासणी आहे. मात्र त्या चाचणीच्या पहिल्या आवृत्तीत आपत्कालीन ब्रेकिंगला गुण नाहीत, म्हणून पाच तारे आहेत म्हणजे ती यंत्रणा आहेच, असे धरून चालू नये.

चिरंजीवांच्या ‘तुमच्या वयाला’ या शब्दांत थोडे तथ्य आहे. वयानुसार मान वळवून मागे पाहणे कठीण जाते, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे अधिक दिपतात. म्हणून मागचा कॅमेरा, पार्किंग सेन्सर आणि ब्लाइंड स्पॉट यांचा आपणांस रोज उपयोग होईल. चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुटेपर्यंत दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवणारी हिल-होल्ड यंत्रणा जाहिरातीत शेवटी येते, पण गणपतीत भोस्ते घाटातल्या रांगेत अडकल्यावर तिचे मोल कळते.

प्रश्न : मी पर्यटकांच्या गाड्यांवर चालक आहे. मालकांनी घेतलेल्या नव्या गाडीत क्रूझ लावून कुंभार्ली घाट चढत होतो. पुढे चिऱ्यांचा ट्रक होता. वळणावर ट्रक नजरेआड झाल्याबरोबर गाडीने आपणहून वेग घेतला. पुढच्या वळणावर समोरून एसटी आली, ती आपल्या बाजूने नीट येत होती, तरी गाडीने खाडकन ब्रेक मारला आणि मागच्या सीटवरची मंडळी पुढे आदळली. गाडीत दोष आहे का? गॅरेजमध्ये सगळे ठीक असल्याचे सांगतात.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर असावे. आपण वर्णन केलेल्या दोन्ही गोष्टी दोष नसतानाही घडतात, आणि त्या का घडतात हे कळले की पुन्हा घाटात क्रूझ लावावासा वाटणार नाही.

पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे बसवलेले रडार बहुधा ७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून समोरच्या वस्तूचे अंतर आणि वेग काढते. दूरवरचे पाहण्यासाठी त्याचा झोत अरुंद ठेवावा लागतो. सरळ महामार्गावर पुढचा ट्रक त्या झोतात कायम राहतो. कुंभार्लीच्या वळणावर ट्रक वळून पुढे गेलेला असतो, पण आपल्या गाडीचे तोंड अजून दरीकडे किंवा डोंगराच्या कापावर रोखलेले असते. ट्रक झोताबाहेर जातो. यंत्रणेच्या लेखी रस्ता मोकळा झाला. आपण क्रूझला ६० ठरवून दिला असेल आणि ट्रकमागे २५ ने चाललो असू, तर ती ६० गाठायला निघते, आणि तेही नेमके वळणाच्या पोटात. स्टिअरिंग किती वळले आहे आणि गाडी किती झपाट्याने फिरते आहे यावरून रस्त्याचा बाक ओळखण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते. परंतु ती महामार्गाच्या लांब, सौम्य वळणांपुरती चालते. घाटात एका वळणातून सुटतो न सुटतो तोच दुसरे उलट दिशेने सुरू होते, तिथे तिचा अंदाज चुकतो.

एसटीचे उदाहरण याच्या उलट आहे. आपली गाडी डावीकडे वळत असताना तिचे नाक क्षणभर समोरच्या लेनवर रोखलेले असते आणि त्या क्षणी समोरून येणारी बस झोताच्या बरोबर मध्यभागी सापडते. एसटी आपल्या बाजूने जाणार आहे हे आपल्याला दिसते, कारण आपण रस्ता पाहतो, बसचा चालक पाहतो, त्याने दिलेला डिपर पाहतो. यंत्रणेला एवढेच कळते की एक मोठी धातूची वस्तू सरळ आपल्यावर येत आहे आणि वेळ फार थोडा उरला आहे. तिने ब्रेक मारला तो तिच्या हिशेबाने योग्यच होता. पण अशा वेळी मागून जवळ आलेले वाहन असते, तर निष्कारण अपघात झाला असता. घाटात आपल्या मागे येणाऱ्याने अंतर ठेवले असेल, यावर कोणी विसंबत नाही.

उतरताना क्रूझ लावण्याचा धोका आणखी वेगळा आहे. घाट ज्या गिअरने चढतात त्याच गिअरने उतरावा, ही शिकवण आपण उमेदवारीत ऐकली असेल. क्रूझ मात्र वेग आवरण्यासाठी पुन्हा पुन्हा ब्रेक वापरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते, आणि पाय पेडलवर नसल्यामुळे ती कमी होत चालल्याचे चालकाला जाणवतही नाही. ब्रेकचा जळका वास येईपर्यंत थांबणे बरे नव्हे. कुंभार्ली, आंबा, आंबोली, फोंडा, गगनबावडा, ताम्हिणी यांपैकी कोणत्याही घाटात पाय ठेवण्यापूर्वी क्रूझ बंद करून गिअर हाताखाली घ्यावा. गाडी स्वयंचलित गिअरची असेल तर खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय तिच्यात बहुधा असते. ती कुठे आहे, हे घाटाच्या आधीच पाहून ठेवावे. आपत्कालीन ब्रेकिंग मात्र बंद करू नये. हवे असल्यास इशाऱ्याची संवेदनशीलता एक पायरी कमी करावी.

मागची मंडळी पुढे आदळली, यावरून त्यांनी पट्टे लावले नव्हते हे उघड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. गाडी आपणहून ब्रेक मारू लागल्यापासून मागच्या पट्ट्याची गरज वाढली आहे. प्रवाशांना तसे सांगण्याचा अधिकार चालकाला आहे, आणि तो त्याने संकोच न करता वापरावा.

प्रश्न : पावसाळ्यात राजापूर ते लांजा या पट्ट्यात रात्री गुरे रस्त्यावर बसलेली असतात. वाहने येऊन आदळतात, गुरेही मरतात आणि माणसेही. नव्या गाड्यांतला कॅमेरा ही गुरे ओळखतो का? पायी चालणारे ओळखतो असे जाहिरातीत दाखवतात.
— एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : त्यावर भिस्त ठेवू नये. कॅमेऱ्यामागच्या संगणकाला जे ओळखायला शिकवले असेल तेच तो ओळखतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याला वाहने, पादचारी, सायकली व दुचाकी शिकवलेल्या असतात. गाडीच्या माहितीपुस्तकात प्राण्यांबाबतचा खुलासा बारीक अक्षरात असतो, तो मुद्दाम शोधून वाचावा. व्होल्वो या स्वीडिश कंपनीने आपल्याकडच्या सांबरांसारखे मोठे प्राणी ओळखणारी यंत्रणा तयार केली. ती ऑस्ट्रेलियात नेल्यावर कांगारू उडी मारून हवेत असताना दूर भासतो आणि जमिनीवर टेकला की जवळ, त्यामुळे अंतराचा हिशेब गडबडतो, असे २०१७ मध्ये कंपनीलाच सांगावे लागले. पाय पोटाशी घेऊन डांबरावर रवंथ करीत बसलेली, काळ्या किंवा तांबूस रंगाची गाय ही त्या यंत्रणेसाठी कांगारूपेक्षा सोपी असेल, असे मानण्याचे कारण नाही. रडारला ती जाणवू शकते. पण महामार्गाच्या वेगात रस्त्याकडेचे खांब, कठडे, फलक, पुलाचे भाग अशा शेकडो स्थिर वस्तूंवरून लहरी परत येत असतात. त्या प्रत्येकीसाठी ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करण्याकडे रडारचा कल ठेवलेला असतो.

पायी चालणाऱ्यांबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या उत्तरात उल्लेखिलेल्या ‘आयआयएचएस’ या संस्थेच्या अभ्यासात पादचारी ओळखून ब्रेक लावणाऱ्या गाड्यांचे पादचाऱ्यांशी होणारे अपघात एकूण २७ टक्क्यांनी कमी आढळले. दिवे नसलेल्या रस्त्यावर, अंधारात मात्र अशी यंत्रणा असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांत काही फरक दिसला नाही. राजापूर-लांजा पट्ट्यात वस्त्या आणि फाटे सोडले तर रात्री दिवे कुठे आहेत?

येथे थोडे गणित मांडतो, कारण या विषयातला सारा वाद त्याने मिटतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. गाय दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सावध चालकालाही सुमारे दीड सेकंद लागतो, म्हणजे ३३ मीटर तसेच गेले. त्यानंतर ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ६० मीटरांहून अधिक लागतात. एकूण ९५ मीटरांच्या आसपास. खाली केलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड ४० ते ६० मीटरांपर्यंतच पडतो. यंत्रणेने गाय अचूक ओळखली आणि दीड सेकंदाऐवजी पाव सेकंदात ब्रेक लावला, तरी पहिल्या ३३ मीटरांतलेच अंतर वाचते. ओल्या डांबराची पकड कोणत्याही संगणकाला वाढवता येत नाही, आणि त्यापुढचे ६० मीटर तसेच राहतात. हाच हिशेब ताशी ५० ला केला तर एकूण अंतर ४५ मीटरांच्या जवळ येते, म्हणजे दिव्याच्या उजेडात मावते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह काही वाहने नदीत गेली. ही यंत्रणा त्या रात्री असती तर, असे एका पत्रात विचारले आहे. समोर काय आहे ते शोधण्यासाठी रडार आणि कॅमेरा बसवलेले असतात. रस्ताच नाहीसा झाला आहे, हे त्यांना कळत नाही.

गुरांच्या बाबतीत खरा उपाय मालकांनी ती बांधण्याचा आणि ग्रामपंचायतींनी कोंडवाडे चालवण्याचा आहे. गळ्यात चमकणारा पट्टा बांधण्याचे प्रयोग काही ठिकाणी होतात. ते स्वस्त आहेत आणि माणसाच्या डोळ्यांना उपयोगी पडतात.

प्रश्न : ८० च्या वर गेले की गाडी टिकटिक करते. ती कायमची बंद करून मिळेल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे अखंड वाजणे अपेक्षित आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. ती टिकटिक नकोशी वाटत असेल तर ७८ ने गाडी चालवावी.

प्रश्न : आमचा मुलगा पुण्याहून रत्नागिरीला येताना लांब सरळ रस्त्यावर हात सोडून गाडी चालवतो आणि त्याचे चित्रीकरण मित्रांना पाठवतो. गाडीने हात ठेवा असे म्हणू नये म्हणून स्टिअरिंगमध्ये पाण्याची बाटली अडकवण्याची युक्ती तो शिकला आहे. काही म्हटले की ‘आई, गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते’ हे उत्तर ठरलेले. त्याला काय सांगावे?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : त्याच्या वाक्यात एक अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते खोडून काढणे कठीण जाते. सरळ, दुभाजक असलेल्या, पट्टे नीट आखलेल्या रस्त्यावर कोरड्या दिवशी गाडी खरोखरच चांगली चालते, आणि तासभर चालते. अडचण त्यानंतरच्या पाच सेकंदांची असते : पट्टे संपतात, डायव्हर्जन येते, समोरून कोणी उलट्या बाजूने दुचाकी घालतो, आणि यंत्रणा स्टिअरिंग सोडून देते. त्या क्षणी माणसाने सावध असावे, अशी या साऱ्या रचनेची अपेक्षा आहे.

माणूस असा सावध राहू शकत नाही, हे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या रडारवर तासन्‌तास डोळे लावून बसलेल्या ब्रिटिश जवानांच्या नजरेतून खुणा निसटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञाने त्याची कारणे शोधली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष लक्षणीय घसरत असल्याचे दिसून आले. यात आळसाचा भाग नव्हता. ज्या काजूच्या बागेत वर्षभर चोर फिरकत नाही तिथल्या राखणदाराला झोप लागायचीच. गाडी जितकी चांगली चालते तितका चालक निष्काळजी होतो, हे त्यामुळे स्वभावाला धरूनच आहे. यंत्रणा सुधारली की धोका आपोआप कमी होईल, या समजुतीला येथे छेद जातो.

याला जोडून जर्मनीतले एक जुने उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस बसवून, काहींना न बसवता, त्यांच्या अपघातांची तुलना करण्यात आली. ब्रेक चांगले असूनही एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत, कारण त्यांचे चालक अधिक बेधडक चालवू लागले होते. यावरून एबीएस निरुपयोगी, असा निष्कर्ष मी काढणार नाही. मिळालेली सुरक्षितता वेगात खर्च करून टाकण्याची खोड सगळ्यांनाच असते, आणि आपल्या मुलाने तर ती पूर्ण खर्च केली आहे.

कायद्याचे बोलायचे तर ‘लेव्हल टू’ मध्ये चालक हाच चालक असतो. गाडी चालवण्याचे किती काम ती स्वतः करते, याची शून्य ते पाच अशी ही चढती श्रेणी आहे आणि दुसऱ्या पायरीपर्यंत रस्त्यावर लक्ष ठेवण्याची पूर्ण जबाबदारी माणसाची धरलेली आहे. निष्काळजीपणे वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. वाहन चालवताना हातात फोन धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडते. तेव्हा मित्रांना पाठवलेले ते चित्रीकरण पुढे कधी न्यायालयात गेलेच, तर बाटलीसह आरोपीच्या विरुद्धचा पुरावा होईल. एवढे त्याला शांतपणे सांगून पाहावे. ऐकत नसेल तर त्याच्या शेजारी बसून प्रवास करण्यास नकार द्यावा. आई गाडीतून उतरली, ही गोष्ट मित्रमंडळींत चित्रीकरणापेक्षा लवकर पसरते.

प्रश्न : मुसळधार पावसात ‘कॅमेरा तात्पुरता बंद’ अशी सूचना येते. शिवाय महामार्गाच्या कामावरचा खडा उडून समोरची काच तडकली, ती बाहेरच्या दुकानातून बदलून घेतली. तेव्हापासून गाडी पट्ट्याला टेकण्याआधीच ओरडते. हे एकमेकांशी संबंधित आहे का?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पावसात येणारी सूचना प्रामाणिक आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करू नये. यंत्रणेला दिसत नाही, असे तिने स्वतः सांगणे, हे दिसत असल्याचे भासवण्यापेक्षा पुष्कळ चांगले. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०२१ मध्ये गाडीच्या काचेवर कृत्रिम पाऊस पाडून चाचण्या घेतल्या. त्यांत ताशी ५६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आपत्कालीन ब्रेकिंग असूनही तीन फेऱ्यांपैकी एका फेरीत समोरच्या गाडीवर आदळली आणि लेन सांभाळणारी यंत्रणा सुमारे ६९ टक्के वेळा पट्ट्याबाहेर गेली. आषाढातला आपला पाऊस त्या नळीच्या पावसापेक्षा सौम्य असतो, असे कोणी म्हणणार नाही. त्यात महामार्गाच्या रखडलेल्या कामामुळे जागोजागी जुने पुसट पट्टे, नवे पांढरे पट्टे आणि डायव्हर्जनचे तिसरेच वळण एकत्र येते. अशा ठिकाणी लेनचे साहाय्य मुकाट्याने बंद करावे.

काचेचे मात्र लगेच पाहावे. कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे, काचेला लागून बसवलेला असतो. काच बदलली की त्याचा कोन केसभर जरी बदलला, तरी पन्नास मीटरवरच्या वस्तूचा अंदाज मीटरभराने चुकू शकतो. म्हणून काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे लागते. ते विशिष्ट फलक समोर ठेवून किंवा ठरावीक पद्धतीने गाडी चालवून करतात आणि त्यासाठी कंपनीचे उपकरण लागते. बंपर काढून बसवला, सस्पेन्शनचे काम केले किंवा मोठ्या खड्ड्यात आदळल्यानंतर अलाइनमेंट करून घेतले, तरी ही तपासणी करून घेतलेली बरी. विम्यातून काच बदलताना कॅलिब्रेशनचा खर्च दाव्यात धरला आहे का, हे आधीच विचारावे. तोवर लेनचे साहाय्य बंद ठेवावे. लवकर ओरडणाऱ्या यंत्रणेपेक्षा उशिरा ओरडणारी अधिक वाईट असते, आणि आपली कोणत्या वेळी काय करील हे आता सांगता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे आंब्याच्या पेट्या नेणारी जुनी जीप आणि एक स्कूटर आहे. ही सगळी चर्चा वीस लाखांच्या गाडीवाल्यांची. आमच्यासारख्यांना त्यात काय?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे एकच पत्र आले, याचे नवल वाटते. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर मृत्युमुखी पडलेल्यांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्के पायी चालणारे होते. म्हणजे ज्यांच्या हाती या यंत्रणा नाहीत, तेच अधिक मरतात.

थोडा लाभ दुसऱ्याच्या गाडीतून मिळतो. मागून येणाऱ्या मोटारीने आपल्या स्कूटरला ओळखून ब्रेक लावला, तर जीव आपला वाचतो. याच कारणासाठी ही यंत्रणा खाजगी मोटारींआधी ट्रक आणि बसमध्ये यायला हवी, असे माझे मत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये मोठ्या प्रवासी व मालवाहू वाहनांसाठी आपत्कालीन ब्रेकिंग, डुलकीचा इशारा आणि लेन सोडल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला, ही योग्य दिशा आहे. नागपुरात २०२१ पासून शहर बसमध्ये कॅमेरे बसवून चालकाला इशारे देण्याचा उपक्रम सुरू झाला. चालकांना वारंवार इशारे कुठे मिळतात यावरून धोक्याच्या जागा अपघात होण्याआधीच शोधायच्या, ही त्यातली कल्पना मला नुसत्या इशाऱ्यांपेक्षा मोलाची वाटते. हातखंबा, कणकवली, कशेडी या भागांतून धावणाऱ्या एसटी गाड्यांकडून अशी माहिती गोळा झाली तर धोक्याचे वळण दुरुस्त करण्यासाठी दहा माणसे मरण्याची वाट पाहावी लागणार नाही.

आपल्या हातचे म्हणाल तर पुढीलप्रमाणे. स्कूटर घेताना एबीएस किंवा निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी यंत्रणा असलेली घ्यावी. मासळीच्या गाड्यांतून सांडलेल्या पाण्यावर पुढचे चाक जाम झाले की सावरायला वेळ मिळत नाही. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा दोन्ही लागतात की नाही हे दर आठवड्याला पाहावे, कारण मागच्या गाडीचा कॅमेराही रात्री आपल्याला पुष्कळ अंशी त्या दिव्यावरूनच ओळखतो. जीपच्या मागच्या फाळक्याला पूर्ण रुंदीभर तांबडी परावर्तक पट्टी लावावी आणि पेट्यांवरची ताडपत्री तिच्यावर लोंबू देऊ नये. हंगामात रात्री वाशीकडे माल घेऊन निघताना चालक दिवसभर बागेत राबलेला नसावा.